ज्यांच्याविषयी लिहायचं, त्यांच्यासमोर

२०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून विधिमंडळात पोचला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. दर सहा बायकांमागे एक. हा आकडा नसता तर सगळी चर्चा अफवा म्हणून झटकून टाकता आली असती. त्याच्याही आधी, १९८९ मध्ये, राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं होतं की त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आहेत. तोवर ग्रामीण बाईचं दुखणं म्हणजे बाळंतपण एवढंच आरोग्यखात्याला दिसत होतं. मोजण्याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही.

पण मोजून झाल्यावरही काही प्रश्न उरतात. गर्भाशय काढायचं हे पहिल्यांदा कुणी म्हटलं? डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली, सासूनं सुचवलं, की टोळीतल्या दुसरीचं ऐकून तिनंच ठरवलं? कामाचा दिवस बुडाला की खाडा कापला जातो, ही गोष्ट त्या निर्णयात कितपत होती? मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची असताना ‘तिनं ठरवलं’ असं आपण म्हणू शकतो का? पडावर उसाच्या पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या, संडास आणि न्हाणीघर नसलेल्या जागी पाच-सहा महिने काढणाऱ्या बाईला पाळी ही काय गोष्ट वाटते? यातल्या एकाही प्रश्नाला हो-नाहीचे चौकोन पुरत नाहीत. तिथं बसावं लागतं, ऐकावं लागतं, पुन्हा जावं लागतं. ऐकलेलं ज्या व्यवस्थेतून आलं ती व्यवस्थाही उलगडून दाखवावी लागते: कारखाना, कंत्राट, कर्ज, जात, नवरा, दवाखाना. आणि ही व्यवस्था बदलायला हवी, ही आपली भूमिका लपवायचीही नसते. अशा कामाला चिकित्सक गुणात्मक संशोधन म्हणतात. गेल्या काही वर्षांत विद्यापीठांच्या सिनॉप्सिसमध्ये हे शब्द सर्रास दिसू लागले आहेत. म्हणून त्याचा आराखडा कसा आखायचा आणि ते लिहायचं कसं, याचा आढावा घेण्याची हीच वेळ आहे.

पाठ्यपुस्तकांत या परंपरेची सुरुवात फ्रँकफर्टपासून होते. माक्स होर्कहायमर यांनी १९३७ मध्ये पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धान्तातला फरक मांडणारा निबंध लिहिला. जग आहे तसं समजावून सांगणं एवढ्यावर सिद्धान्तानं थांबू नये, हा त्याचा गाभा. ब्राझीलच्या पावलो फ्रेरी यांनी साक्षरतेच्या वर्गांमधून हाच विचार शेतमजुरांपर्यंत नेला. कोलंबियाच्या ओर्लांदो फाल्स बोर्दा यांच्या पुढाकारानं १९७७ मध्ये कार्ताहेना शहरात सहभागी कृति-संशोधनाची जागतिक परिषद भरली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पॉल विलिस यांचं ‘लर्निंग टू लेबर’ आलं. कामगारांच्या घरातली मुलं शाळेची, मास्तरांची टर उडवतात आणि त्या बंडातूनच पुन्हा बापाच्या कारखान्यात जाऊन पोचतात, हे विलिसनी डझनभर मुलांसोबत वावरून दाखवलं. मला ते पुस्तक फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात मुलं नुसती बळी नाहीत. ती हुशार आहेत, व्यवस्था ओळखून आहेत, आणि तरीही अडकतात. अन्याय झालेल्या माणसाची अक्कल शाबूत ठेवून अन्याय दाखवणं हे या संशोधनाचं सर्वांत अवघड काम आहे.

महाराष्ट्रात गावपाहणीची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला; आज ते गाव पिंपरी-चिंचवडच्या इमारतींत हरवलं आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी केली, ती १९६९ मध्ये पुस्तकरूपानं आली. या सगळ्यांनी पाया घातला. मात्र पाहणाऱ्याची स्वतःची जागा कोणती, हा प्रश्न त्यात फारसा विचारला गेला नाही. तो पुढच्या पिढीनं, विशेषतः दलित आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी विचारला.

आता आराखडा. विद्यार्थी बहुतेक वेळा विषय घेऊन येतात: ‘ऊसतोड महिलांच्या समस्या’. हा विषय झाला, प्रश्न झाला नाही. समस्या काय आहेत हे त्या बायकांना ठाऊक आहे, मुकादमाला ठाऊक आहे, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यालाही ठाऊक आहे. संशोधनाचा प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर आज कुणाकडेच पूर्ण नाही. उदाहरणार्थ: नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल नवऱ्याच्या हाती पडते, मग बाईची मजुरी, तिचं कर्ज आणि तिचं आजारपण कोणत्या हिशेबात लिहिलं जातं आणि कोणत्या हिशेबातून गळतं? या प्रश्नापाशी आलं की कुणाला भेटायचं, कोणते कागद पाहायचे, किती दिवस लागतील हे आपोआप सुचू लागतं. मुकादमाची वही पाहावी लागेल. कारखान्याचा करार पाहावा लागेल. खासगी दवाखान्याचं बिल पाहावं लागेल. आणि बाईशी बोलावं लागेल, नवऱ्याच्या गैरहजेरीत.

आत शिरायची वाट कोणती, हा आराखड्यातला दुसरा मोठा निर्णय. पडावर जायचा सर्वांत सोपा मार्ग मुकादमाच्या ओळखीचा. पण मुकादमाच्या मोटारसायकलवरून उतरलेल्या अभ्यासकाला बायका जे सांगतील ते मुकादमाला चालेल एवढंच असेल. म्हैसूरजवळच्या रामपुरात १९४८ साली क्षेत्रकार्य करताना एम. एन. श्रीनिवास गावच्या पाटलाच्या आश्रयानं राहिले. आपला बराचसा वेळ वरच्या जातींमध्ये गेला आणि गाव त्यांच्या नजरेनं दिसलं, हे त्यांनी पुढे ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’मध्ये स्वतःच नोंदवलं. एवढा थोर समाजशास्त्रज्ञ, पण मुक्कामाच्या जागेनं त्याचं अर्धं गाव ठरवून टाकलं. म्हणून ‘मी कुठे उतरणार, कुणाकडे जेवणार, कुणाच्या गाडीतून जाणार’ या तीन गोष्टी आराखड्यात लिहूनच काढाव्यात. बीडमधून निघालेल्या टोळीपर्यंत अंगणवाडी सेविकेमार्फत पोचणं, संघटनेच्या कार्यकर्तीमार्फत पोचणं आणि मुकादमामार्फत पोचणं ही तीन वेगवेगळी संशोधनं आहेत.

यान ब्रेमन या डच अभ्यासकाचं काम इथे आठवतं. दक्षिण गुजरातेत ते १९६०च्या दशकापासून येत राहिले. बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यांसाठी खानदेशातून येणाऱ्या तोडकऱ्यांवर त्यांनी १९७०च्या दशकात लिहिलं. एवढं पुन्हा पुन्हा परतून आल्यामुळे त्यांना दिसलं की बाहेरचे मजूर आणणं ही स्थानिक मजुरांच्या टंचाईची गोष्ट नव्हती. गावच्या हळपती मजुरांना घरातच सोडून परके मजूर आणले की हे परके गप्प राहतात, रात्री-अपरात्री कामावर येतात. एका हंगामाच्या मुलाखतींतून हे हाती लागणं कठीण.

वेळापत्रक हा तिसरा भाग, आणि आमच्याकडचे आराखडे इथेच सर्वांत कच्चे असतात. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. विद्यापीठाचं सत्र, परीक्षा, फेलोशिपचे हप्ते यांचा त्याच्याशी मेळ बसत नाही. पडावरची बाई पहाटे उठून स्वयंपाक आवरते, उजाडायच्या आत फडात असते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, संध्याकाळी पुन्हा चूल. तिला दीड तासाची ‘सखोल मुलाखत’ कधी द्यायला जमणार? त्यामुळे हंगामात फक्त सोबत राहायचं, पाहायचं, टिपायचं आणि लांब बोलणं पावसाळ्यात तिच्या गावी जाऊन करायचं, असा दोन टप्प्यांचा आराखडा जास्त प्रामाणिक ठरतो. त्यासाठी किमान पूर्ण वर्ष लागतं. ते देता येत नसेल तर प्रश्न लहान करावा; माणसांची घाई करू नये.

संमतीचं काय? वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१७ ची. सामाजिक शास्त्रातल्या आरोग्य-संशोधनासाठी मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं २००० मध्ये नीतितत्त्वं तयार झाली, ती आजही प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचावीत अशी आहेत. पण नीतितत्त्वं हाती असली तरी कागदावर सही मागितली की कर्जात बुडालेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आयुष्यभर सही-अंगठा म्हणजे सावकाराचा, मुकादमाचा कागद. तोंडी संमती घ्यावी, रेकॉर्ड करावी, आणि पहिल्या दिवशीच्या ‘हो’वर वर्षभर विसंबू नये. गर्भाशय काढल्याची गोष्ट सांगून झाल्यावर बाई दुसऱ्या दिवशी म्हणते, ते काल बोलले ते लिहू नका. ते लिहायचं नाही. संशोधनाचं कितीही नुकसान झालं तरी नाही.

क्षेत्रात गेल्यावर खरं काम नोंदवहीचं. मोबाइलवर रेकॉर्डिंग झालं म्हणून वही बंद करणारे विद्यार्थी मी बरेच पाहिले. आवाज रेकॉर्ड होतो, पण नवरा कोपीच्या दारात आला आणि बाईनं वाक्य अर्ध्यावर सोडून भाकरीचा विषय काढला, हे रेकॉर्ड होत नाही. ते त्या रात्रीच लिहावं लागतं. पाहिलेलं एका बाजूला, आपल्याला काय वाटलं ते दुसऱ्या बाजूला, आणि उद्या काय विचारायचं ते खाली. श्रीनिवासांची रामपुराची वर्गवारी केलेली टिपणं अमेरिकेत स्टॅनफर्डला एप्रिल १९७०च्या आगीत जळाली, तिन्ही प्रतींसकट. मग त्यांनी स्मरणातून पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं, हे खरं. पण दोन दशकं गाव मनात मुरल्यावरच ते शक्य झालं. आपण टिपणांच्या प्रती वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात.

मुलाखती कागदावर उतरवताना बोली जपावी. बीडच्या बाईचं बोलणं पुस्तकी मराठीत ‘सुधारून’ उतरवलं की तिचं अर्धं म्हणणं गेलंच. आणि इंग्रजी प्रबंधासाठी थेट इंग्रजीत उतरवणं तर फारच घातक. पुढे आपण आपल्याच भाषांतराचं विश्लेषण करत बसतो. विश्लेषण मूळ शब्दांवर करावं, भाषांतर फक्त अवतरणाच्या वेळी. कोडिंगसाठी आता सॉफ्टवेअर आहेत, देवनागरीही चालते. समासात पेन्सिलनं केलेल्या खुणाही तितक्याच चालतात. महत्त्वाचं हे की तीच मुलाखत पुन्हा पुन्हा वाचली जावी.

विश्लेषणात चिकित्सक अभ्यासकाला एक खास धोका असतो. व्यवस्था वाईट आहे हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे प्रत्येक वाक्यात त्याला पुरावाच दिसतो. पॅटी लॅदर या अमेरिकन संशोधिकेनं १९८६ च्या आपल्या निबंधात नेमका हाच इशारा दिला: सिद्धान्त माहितीवर लादू नका, माहितीला सिद्धान्त मोडू द्या. तिनं आणखी एक कसोटी सुचवली, की संशोधनानं ज्यांचा अभ्यास केला त्यांना आपली परिस्थिती समजून घ्यायला आणि बदलायला बळ दिलं का? या दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या तरच काम टिकतं. समजा, एखादी बाई सांगते की ऑपरेशननंतर मला बरं वाटतंय, सुटले मी. हे वाक्य आपल्या मांडणीत बसत नाही म्हणून वगळायचं का? ‘तिला व्यवस्थेची जाणीवच नाही’ म्हणून बाजूला सारायचं का? दोन्ही चूक. तिच्या सुटकेची भावना खरी मानून, कोणत्या कोंडीत गर्भाशय देणं म्हणजे सुटका होते, हे शोधावं लागतं. न बसणारी उदाहरणं बाजूला काढून त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण लिहावं, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. त्या प्रकरणात प्रबंधाचा कस लागतो.

आता लेखन. त्यातला पहिला प्रश्न अधिकाराचा आहे: सिद्धान्त कोण मांडतो आणि अनुभव कोण पुरवतो? गोपाळ गुरूंनी २००२ मध्ये हाच प्रश्न भारतीय समाजशास्त्रांपुढे ठेवला. मोजके लोक विचार मांडणारे आणि बाकीचे माहिती पुरवणारे, ही ज्ञानातली जातव्यवस्था आहे, असं त्यांनी दाखवलं. दलित स्त्रिया वेगळं बोलतात, हा त्यांचा १९९५ चा निबंध आणि त्याला शर्मिला रेगेंनी १९९८ मध्ये दिलेला प्रतिसाद हा वादही मूळ स्वरूपात वाचायला हवा. अनुभव दलित स्त्रियांचाच असला तरी त्यांच्या भूमिकेतून विचार करण्याची जबाबदारी इतरांवरही येते, मात्र त्यासाठी आपली जागा हलवावी लागते, असा रेगेंचा मुद्दा होता. ‘रायटिंग कास्ट/रायटिंग जेंडर’ या २००६ च्या पुस्तकात त्यांनी दलित स्त्रियांची आत्मकथनं साहित्य म्हणून बाजूला न ठेवता सामाजिक ज्ञान म्हणून मांडली.

मराठीत याचा सर्वांत भक्कम नमुना त्याआधीच झाला होता. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये प्रसिद्ध झालं. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या स्त्रियांना त्या शोधत गेल्या, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेतल्या, जुनी नियतकालिकं धुंडाळली. पुस्तकाचे दोन भाग आहेत: एका भागात इतिहासाची मांडणी, दुसऱ्यात त्या स्त्रियांच्या मुलाखती. वाचकाला मांडणी पटली नाही तर पुढची पानं उघडून तो स्वतः पडताळू शकतो. संशोधक विद्यापीठाच्या पदावरच्या नव्हत्या, चळवळीतल्या होत्या, आणि तरी शिस्तीत कुठेही उणेपण नाही. आमच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना परदेशी पद्धतिशास्त्राची पुस्तकं देण्याआधी मी हे पुस्तक देते.

दुसरा नमुना जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याच्या आसपासच्या मावळ-मुळशीसारख्या डोंगरी भागांपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावोगावच्या कार्यकर्त्या बायका स्वतः ओव्या गोळा करत, त्यांच्या अर्थाची चर्चाही बायकांच्या गटांत होई. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर गायिकेचं नाव, गाव आणि आवाज यांच्यासह त्या प्रसिद्ध होत आल्या आहेत. इथे नाव देणं हाच न्याय आहे.

ऊसतोडीच्या अभ्यासात मात्र नाव झाकावं लागेल, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही. नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी आयर्लंडमधल्या केरी भागातल्या एका गावातल्या मानसिक आजारावर १९७९ मध्ये पुस्तक लिहिलं. गावाला टोपणनाव दिलं, माणसांची नावं बदलली. तरी गाव ओळखलं गेलं आणि गावातल्यांनी स्वतःलाही ओळखलं. वीस वर्षांनी त्या परत गेल्या तेव्हा गावानं त्यांना निघून जायला सांगितलं. बाहेरच्या वाचकापासून नाव लपवता येतं, शेजारणीपासून नाही. ‘तीन मुलींची आई, नवरा दारुडा, अमुक कारखान्याच्या पडावर’ एवढं लिहिलं तरी टोळीत सगळ्यांना कळतं. म्हणून तपशील बदलण्याआधी त्या बाईलाच विचारावं: यातलं काय ठेवू, काय काढू?

इथे मला जे ठामपणे म्हणायचं आहे ते येतं. चिकित्सक गुणात्मक संशोधनाचं लेखन आराखड्याच्या पहिल्या पानावर सुरू होतं. ज्यांच्याविषयी लिहिणार त्यांना कच्चा मसुदा ऐकवायचा आणि त्यांचे आक्षेप नोंदवायचे, यासाठी वेळ, पैसा आणि प्रवास आधीच राखून ठेवला असेल तर प्रश्नही वेगळे पडतात, मुलाखतीही वेगळ्या होतात, वाक्यंही सावधपणे लिहिली जातात. आक्षेप मान्य करायलाच हवेत असं नाही. मुकादमही आक्षेप घेईल, डॉक्टरही घेईल. पण कुणी काय आक्षेप घेतला आणि मी तो का मानला किंवा मानला नाही, हे प्रबंधात छापलं गेलं पाहिजे. गाइडच्या आणि परीक्षकांच्या शेऱ्यांना आपण जेवढी किंमत देतो तेवढीच त्या आक्षेपांना द्यावी.

हे स्वप्नरंजन नाही. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याच्या घरातल्या भांड्याकुंड्यांपासून सरकारी कचेरीतल्या कारकुनांपर्यंत, करांपासून कर्जापर्यंत सगळं त्यांनी एका धाग्यात ओवलं. आणि ते लिखाण त्यांनी मुंबई, पुणे, ठाण्याबरोबर जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांसमोर वाचून दाखवलं. बडोद्याच्या महाराजांनाही ऐकवलं. ज्याच्या घराचं वर्णन आहे तो समोर बसला आहे आणि ज्याच्या हाती सत्ता आहे तोही ऐकतो आहे, अशी वाचनं झाली. चिकित्सक संशोधनाची पुस्तकं वाचताना फ्रँकफर्टच्या आधी हा धडा आपल्याच भाषेत होता, हे विसरता कामा नये.

प्रबंधाच्या भाषेबद्दल एवढंच: इंग्रजीत लिहा किंवा मराठीत, पण पन्नासएक पानांचा मराठी सारांश असलाच पाहिजे. तो संशोधकानंच लिहिलेला असावा, त्यात बोलीतली अवतरणं मूळ रूपात असावीत आणि पद्धतीचं प्रकरण गाळलेलं नसावं. माहिती कशी मिळाली हे कळण्याचा हक्क ज्यांची माहिती घेतली त्यांना सर्वांत आधी आहे.

या हंगामातही टोळ्या निघाल्या आहेत, आणि त्यांच्यावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थीही कुठल्या ना कुठल्या विभागात सिनॉप्सिस तयार करत असतील. त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: सिनॉप्सिसवर सही करण्याआधी वेळापत्रकात गावात जाऊन मसुदा वाचून दाखवण्याचा महिना कुठे आहे ते तपासा. नसेल तर तो घालायला लावा आणि मगच सही करा.